निवडीची विद्या : वेब ॲप्लिकेशनमधील मुक्त घटकांच्या अभ्यासाची प्रस्तावना

फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये मराठी मजकुराचे पान उघडले की त्यातली जोडाक्षरे जुळवून दाखवण्याचे काम हार्फबझ नावाची एक लायब्ररी करते. रफार कोणत्या अक्षराच्या डोक्यावर चढेल, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी कुठे बसेल, ‘क’ आणि ‘ष’ यांचा ‘क्ष’ कधी होईल, हे ती लिपीच्या आणि फॉन्टमध्ये दिलेल्या नियमांवरून ठरवते. तिचा कोड मुक्त आहे. कोणीही तो वाचावा, वापरावा, बदलावा. अँड्रॉइडमध्येही तीच लायब्ररी काम करते. मराठी संकेतस्थळे उभारणाऱ्या कितीतरी जणांनी तिचे नावही ऐकलेले नसते, आणि तरीही त्यांचा मजकूर वाचकाच्या पडद्यावर धड उमटतो तो तिच्यामुळे.

वेब ॲप्लिकेशनचे सगळे अंग आज अशाच घटकांचे बनलेले असते. पडद्यावरची मांडणी रिॲक्ट किंवा बूटस्ट्रॅपवर उभी राहते, सर्व्हरवरचे काम जँगो, रेल्स किंवा एक्सप्रेस सांभाळते, माहिती पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये साठते, आणि ती सुरक्षितपणे इकडून तिकडे नेण्यासाठी ओपनएसएसएल असते. हे सारे मुक्त परवान्याखाली मिळते. टीम स्वतः लिहिते तो भाग थोडाच असतो, पण ते ॲप्लिकेशन इतरांपेक्षा वेगळे ठरते ते त्या भागामुळेच. म्हणून घटक कुठे शोधावेत, कसे पारखावेत, कोणत्या अटींवर घ्यावेत आणि घेतल्यावर कसे सांभाळावेत, हा आता स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. त्या विषयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यासाठी, नोकरीत नुकत्याच रुजू झालेल्या प्रोग्रॅमरसाठी आणि एकट्याने शिकणाऱ्यासाठी ही प्रस्तावना आहे.

तिचे म्हणणे थोडक्यात असे. घटक दुसऱ्याने लिहिलेला असला, तरी तो आपल्या ॲप्लिकेशनमध्ये आला की वापरकर्त्यापुढे त्याचा जबाब आपल्यालाच द्यावा लागतो. त्यामुळे निवड हीच या क्षेत्रातली मूळ विद्या आहे, आणि वाचनाने व सरावाने ती कोणालाही साध्य होते.

या विचाराचा इतिहास वेबपेक्षा जुना आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये नाटोच्या विज्ञान समितीने जर्मनीतल्या गार्मिश येथे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवर परिषद भरवली. तीत बेल लॅब्जचे डग्लस मॅक्लरॉय यांनी घाऊक प्रमाणात तयार होणाऱ्या सॉफ्टवेअर घटकांविषयी निबंध वाचला. इतर उद्योगांतले अभियंते कॅटलॉगमधून हवा तो सुटा भाग निवडतात, मग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीच दर वेळी मुळापासून सुरुवात का करावी, असा त्यांचा प्रश्न होता. एकाच कामासाठी अचूकता, वेग आणि जागा यांच्या वेगवेगळ्या गरजांप्रमाणे घटकांचे पूर्ण कुटुंब उपलब्ध असावे, अशी त्यांची कल्पना होती. १९७३ मध्ये युनिक्समध्ये ‘पाइप’ आली आणि लहान प्रोग्रॅम एकाला एक जोडून मोठे काम करता येऊ लागले. तिच्यामागेही मॅक्लरॉय यांचाच आग्रह होता.

दरम्यान १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी एक पायाभूत सूत्र मांडले. प्रोग्रॅमचे भाग पाडताना कामांच्या क्रमाकडे पाहू नये. पुढेमागे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका भागाच्या पोटात ठेवावा, आणि बाकीच्यांनी त्या भागाशी ठरलेल्या दारातूनच व्यवहार करावा. आजचा कोणताही चांगला घटक पाहा, तो या सूत्राला धरून असतो. १९८६ मध्ये फ्रेड ब्रुक्स यांनी सॉफ्टवेअरच्या अंगभूत अवघडपणावर लिहिताना, तयार मिळते ते नव्याने न बांधता घेणे हा फार मोठ्या फरकाचा उपाय असल्याचे सांगितले.

मॅक्लरॉय यांना अपेक्षित होता घटक विकणारा उद्योग. प्रत्यक्षात वाट वेगळ्या दिशेने गेली, आणि त्या वाटेवर तीन गोष्टी जुळून आल्या. पहिली परवानगी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला, ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संशोधन संस्थेने वेबचे मूळ सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले, आणि १९९८ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह स्थापन झाली. दुसरी गोष्ट जागा. पर्ल भाषेसाठी १९९५ मध्ये सीपॅन, पायथनसाठी २००३ मध्ये पायपीआय, जावास्क्रिप्टसाठी २०१० मध्ये एनपीएम अशी कोठारे उभी राहिली, आणि २००८ पासून गिटहबवर कोडबरोबर त्याची चर्चाही सर्वांसमोर होऊ लागली. तिसरी गोष्ट साधन. एक आज्ञा दिली की घटक येतो आणि त्याला लागणारे इतर घटकही त्याच्यामागून येतात. एकट्या एनपीएमवर आज वीस लाखांहून अधिक पॅकेजेस आहेत. १९६८ मध्ये घटक मिळवायचा कुठून, हा पेच होता. आज पेच आहे तो इतक्यांतून कोणता घ्यावा याचा.

निवडीची पहिली पायरी म्हणजे घटक मुळात हवा आहे का, हे तपासणे. २२ मार्च २०१६ ची घटना या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावी. एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि त्याच्या लेखकाने एनपीएमवरची आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. मजकूर ठरलेल्या लांबीचा व्हावा म्हणून त्याच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे, एवढेच त्याचे काम. पण बेबेलसारखे मोठे प्रकल्प त्याच्यावर अवलंबून होते, आणि लगेचच जगभरातल्या असंख्य टीमचे बिल्ड बंद पडले. एनपीएमने ते पॅकेज परत आणल्यावरच काम सुरू झाले. पुढच्या वर्षी, २०१७ च्या आवृत्तीत, हेच काम करणारे ‘पॅडस्टार्ट’ जावास्क्रिप्ट भाषेतच आले.

तेव्हा आधी भाषा आणि ब्राउझर काय देतात ते पाहावे. मराठी ॲप्लिकेशनसाठी याचे मोल विशेष आहे. महिन्यांची मराठी नावे, देवनागरी अंक, लाख-कोटींच्या पद्धतीने पडणारे स्वल्पविराम हे सगळे ब्राउझरमधल्या ‘इंट्ल’ या सोयीतून मिळते, आणि त्यामागची माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या मुक्त संग्रहातून येते. एवढ्यासाठी वेगळे पॅकेज आणणे म्हणजे सांभाळायची एक वस्तू विनाकारण वाढवणे.

घटक हवाच असे ठरले, की तो वाचायला घ्यावा. डाउनलोडचा आकडा लोकप्रियता सांगतो. आपल्या कामाला तो घटक योग्य आहे की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही. शेवटची आवृत्ती कधी निघाली, नोंदवलेल्या दोषांना उत्तरे मिळतात का, बदलांची नोंद नीट ठेवली आहे का, चाचण्या लिहिल्या आहेत का, आणि हा एक घटक आणखी किती घटक मागे ओढून आणतो, हे पाहावे. चाचण्यांच्या फाइली आवर्जून वाचाव्यात. घटक काय करतो असे लेखकाला वाटते ते माहितीपत्रकात असते. त्याने खरोखर काय तपासले आहे ते चाचण्यांत दिसते.

एक उदाहरण जवळून पाहू. बातम्यांच्या संकेतस्थळावर लांब मथळा ठरावीक अक्षरांनंतर तोडून पुढे तीन टिंबे द्यायची आहेत. असे काम करणारी पॅकेजेस विपुल आहेत, आणि त्यांतली कित्येक जावास्क्रिप्टच्या ‘लेंग्थ’वर चालतात. आता ‘स्त्री’ हा शब्द घ्या. मराठी वाचकाच्या लेखी ते एक अक्षर आहे. संगणकाच्या लेखी ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा तुकडे आहेत. ‘लेंग्थ’ विचारली तर उत्तर सहा येते. चौथ्या तुकड्यावर तोडले तर पडद्यावर ‘स्त्’ उरते. इंग्रजी मथळ्यांवर वर्षानुवर्षे बिनचूक चाललेले पॅकेज मराठीत पहिल्याच दिवशी चुकते, आणि त्याच्या चाचण्यांत देवनागरीची एकही ओळ नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. ब्राउझरमधला ‘इंट्ल सेगमेंटर’ मजकुराचे तुकडे युनिकोडच्या नियमांनी पाडतो. पण त्या नियमांतही देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची तरतूद २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आली, त्याआधी ‘स्त्री’चे तीन तुकडे होत. म्हणजे ज्या ब्राउझरमध्ये जुने नियम आहेत तिथे उत्तर वेगळे येणार. हे सगळे समजायला दहा ओळींची चाचणी पुरते, मात्र ती आपल्या भाषेतल्या शब्दांवर लिहिलेली हवी.

शब्दांचा क्रम लावतानाही हेच घडते. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’नंतर आणि ‘व’च्या आधी येतो, तर मराठी वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या पुढे असतो. ग्रंथालयाच्या यादीसाठी घेतलेला तक्त्याचा घटक नुसत्या क्रमांकांवरून ओळी लावत असेल, तर मराठी वाचकाला पुस्तक अपेक्षित जागी सापडणार नाही. भाषेप्रमाणे क्रम लावणारी सोय तो घटक वापरतो का, हा निवडीचा निकष ठरतो. कोणत्याही घटकाची योग्यता अशी आपल्या वापराच्या संदर्भातच ठरते.

यानंतर येतो परवाना. जमीन घेताना माणूस आधी सातबारा पाहतो. घटक घेताना परवान्याची फाइल तितक्याच काळजीने उघडावी. कोड सर्वांना दिसतो म्हणून तो सर्वांना वापरता येतो असे नाही. परवानाच दिलेला नसेल तर सगळे हक्क लेखकाकडे राहतात. एमआयटी आणि बीएसडी हे परवाने मोकळे आहेत. लेखकाची हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की पुरते. २००४ चा अपाची २.० परवाना पेटंटविषयीची परवानगीही स्पष्ट शब्दांत देतो. जीपीएल सांगतो, की या कोडवर आधारलेली कृती इतरांना द्याल तर तिचा मूळ कोडही त्याच अटींवर द्या. २००७ चा एजीपीएल आणखी पुढे जातो. कोडमध्ये बदल करून त्याची सेवा नेटवर्कवरून दिली, तरी ती वापरणाऱ्यांना बदललेला मूळ कोड मिळायला हवा.

वेबवर या अटींना एक खास वळण मिळते. सर्व्हरवर चालणारा कोड आपल्याच यंत्रावर राहतो, पण ब्राउझरकडे पाठवलेले जावास्क्रिप्ट वापरकर्त्याच्या यंत्रावर पोहोचते, आणि तिथे वितरणाचा प्रश्न उभा राहतो. फाइली आटोपशीर करणारी साधने टिप्पण्या गाळताना कधी हक्कसूचनाही गाळून टाकतात. ती टिकते का, हे बिल्ड झाल्यावर पाहावे लागते. अटी किती महत्त्वाच्या असतात हे २०१७ मध्ये दिसले. फेसबुकने रिॲक्टच्या परवान्याला पेटंटविषयीचे वेगळे कलम जोडले होते. जुलैमध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्या अटींवरचा कोड आपल्या प्रकल्पांत घ्यायला मनाई केली, आणि सप्टेंबरमध्ये रिॲक्ट एमआयटी परवान्याखाली आले. फॉन्टही याच हिशेबात धरावेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. ते आपल्या ॲप्लिकेशनबरोबर देता येतात, नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही. परवान्यांची जाणती मांडणी पाहायची असेल तर मुंबईच्याच फ्रॅपे कंपनीचे काम पाहावे. तिथे पायाचे फ्रेमवर्क एमआयटी परवान्याखाली आहे आणि त्यावर बांधलेले, उद्योगाचा कारभार सांभाळणारे ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली. पाया कोणालाही कशासाठीही मोकळा, आणि त्यावरची पूर्ण वास्तू सुधारून इतरांना देणाऱ्याने सुधारणाही खुल्या ठेवायच्या, असा तो विचार आहे.

घटक घेतल्यावर खरा सहवास सुरू होतो, आणि इथे हा विषय सर्वांत विचारप्रवर्तक होतो. दोन घटना शेजारी ठेवून पाहा. मार्च २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या फ्रेमवर्कमधली गंभीर त्रुटी दुरुस्त करणारी आवृत्ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने आपल्या एका पोर्टलवर ती वेळेत बसवली नाही, आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची खासगी माहिती चोरीला गेली. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजच्या लेखकाने, स्वतःला ते सांभाळणे जमत नसल्याने, पुढे आलेल्या एका स्वयंसेवकाकडे ते सोपवले. त्याने नव्या आवृत्तीसोबत एका बिटकॉइन वॉलेटमधून पैसे चोरणारा कोड आत घातला. पहिल्या घटनेत नुकसान झाले अपडेट न घेतल्याने, दुसऱ्यात धोका आला तो अपडेटमधूनच. म्हणून ‘नेहमी अपडेट करा’ किंवा ‘चालतेय त्याला हात लावू नका’ यांतला कोणताही एक नियम पुरा पडत नाही. सुरक्षेसाठी निघालेली दुरुस्ती लगेच घ्यावी. बाकीचे बदल नोंद वाचून, चाचण्या चालवून, थोडा काळ जाऊ देऊन घ्यावेत.

यासाठीची साधने या क्षेत्राने घडवली आहेत. आवृत्तीच्या तीन आकड्यांना अर्थ दिला गेला आहे. १.४.२ मधला शेवटचा आकडा दुरुस्ती सांगतो, मधला नवी सोय, आणि पहिला बदलला की जुना कोड मोडण्याची शक्यता. लॉक फाइल नेमक्या कोणत्या आवृत्त्या बसवल्या त्याची नोंद ठेवते, म्हणून सगळ्यांच्या यंत्रावर तेच ॲप्लिकेशन तयार होते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतली भीषण त्रुटी उघड झाली, तेव्हा अनेक संस्थांना पहिला प्रश्न पडला की हा घटक आपल्याकडे आहे तरी का. तो कुठल्यातरी घटकाच्या घटकाच्या आत दडलेला होता. ॲप्लिकेशनमधल्या सर्व घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, ठेवण्याच्या आग्रहाला त्यानंतर धार आली. भारतात सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनेही २०२४ मध्ये तिच्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

या सगळ्याच्या मुळाशी माणसे आहेत. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणाऱ्या आन्द्रेस फ्रॉइंड यांना, दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले. त्यांनी माग काढला आणि एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेला चोरदरवाजा सापडला. एका टोपणनावाने वावरणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक वाटणारी मदत करून, प्रकल्प जवळजवळ एकट्याने ओढणाऱ्या, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. हल्ल्याचा एक महत्त्वाचा धागा रिपॉझिटरीत नव्हताच, तो वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. म्हणजे वाचलेला कोड आणि बसवलेला कोड एकच आहेत का, हेही तपासावे लागते. पण मला या घटनेतली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. अर्ध्या सेकंदाचा फरक एका जागरूक वापरकर्त्याला खटकला, कोड उघडा असल्याने त्याला तळापर्यंत जाता आले, आणि जगभरचे असंख्य सर्व्हर वाचले. मेंटेनरला एकटे पडू न देणे हा सुरक्षेचाच भाग आहे. कंपन्यांनी पैसे द्यावेत, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी आपली नजर आणि वेळ द्यावा.

मराठी विद्यार्थ्याला इथे देण्यासारखे पुष्कळ आहे. देवनागरीत चुकणारा घटक सापडला की तो दोष नेमका कसा घडवून आणता येतो ते लिहून कळवावे, सोबत एक चाचणी जोडावी. ‘स्त्री’ची ती चाचणी एका पॅकेजमध्ये स्वीकारली गेली, की त्याचा लाभ हिंदी, नेपाळी आणि कोकणी लिहिणाऱ्यांनाही होतो. माहितीपत्रकातली संदिग्ध ओळ सुधारणे, मराठी भाषांतर देणे, नवख्यांच्या प्रश्नांना उत्तर देणे ही कामेही तितकीच खरी आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले आहेत. इंग्रजीचा अडसर वाटणाऱ्याने तिथून आरंभ करावा.

या क्षेत्रातले मोठे प्रश्न अजून मोकळे आहेत. मेंटेनरांच्या श्रमाची भरपाई कोणी आणि कशी करावी? युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट २०२४ मध्ये अमलात आला, त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. विनामूल्य लिहिणारा आणि त्या कोडवर धंदा करणारा यांच्यात जबाबदारी कशी वाटावी, याचा तो एक प्रयत्न आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोड लिहून देताना कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव सुचवतात, आणि त्या नावाने कोणी घातक पॅकेज टाकून ठेवले तर काय, ही नवी चिंता आहे. या प्रश्नांची उत्तरे शोधायला कोड लिहिणाऱ्यांइतकेच कायदा, अर्थशास्त्र आणि भाषा जाणणारेही हवे आहेत, आणि प्रवेशाला कोणाची शिफारस लागत नाही.

सुरुवात अशी करावी. आपण वापरत असलेल्या एखाद्या छोट्या ॲप्लिकेशनची पॅकेजांची यादी उघडावी. त्यातला सर्वांत लहान घटक निवडून त्याचा कोड, चाचण्या, परवाना आणि उघड्या तक्रारी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. मग त्याला चार मराठी शब्द देऊन पाहावे आणि जे दिसेल ते लिहून ठेवावे. एका संध्याकाळी होणारे हे काम आहे. ते ज्याने केले, त्याला पुढचा घटक निवडताना काय विचारायचे हे ठाऊक असते, आणि कोणी त्याला ‘हाच का घेतलास’ असे विचारले तर तो कारणांसह उत्तर देऊ शकतो.